कामाचा दिवस आखायला पोमोडोरो की वेळेचे ठोकळे?

यातलं काय निवडायचं हे ठरवताना कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या (धातू ओतण्याच्या कारखान्याच्या) ऑफिसात आधी एकच बघायचं: दिवसभरात तुम्हाला किती जण हाक मारतात.

पोमोडोरो ही इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलोनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस बसवलेली पद्धत. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं विश्रांती. चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. राजारामपुरीत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना ही छान जमते. कंटाळवाण्या कामाला हात घालायचा धीर येतो.

पण शॉप फ्लोअरवरून "साहेब, जरा या" अशी हाक आली की टायमर कोलमडतो. शिवाय कास्टिंगचं कोटेशन काढताना वितळणातली घट, कोअरचा (साच्यातल्या गाभ्याचा) खर्च, रिजेक्शन हे सगळं एकदम डोक्यात धरावं लागतं. पंचविसाव्या मिनिटाला घंटा वाजली तर तो धागा तुटतोच.

म्हणून इथं माझा कौल ठोकळ्यांना, म्हणजे दिवसाचे तास आधीच एकेका कामाला वाटून देण्याला. आदल्या संध्याकाळी डायरीत लिहायचं: साडेनऊ ते अकरा कोटेशन, पुढचा तास फक्त फोन आणि व्हॉट्सअॅप, दुपारी बिलं. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांचे, म्हणजे जीएसटीआर-१ची ११ तारीख आणि ३बीची २० तारीख यांचे ठोकळे महिन्याच्या सुरुवातीलाच अडवून ठेवावेत. मात्र दिवस गच्च भरू नका. रोज एक तास मोकळा हवाच, कारण भट्टी वेळापत्रक विचारत नाही. आणि सकाळचा ठोकळा सगळ्या स्टाफला माहीत असावा, नाहीतर फोन येतच राहणार.

बिलांच्या एंट्र्या साचल्या असतील, तर त्या दुपारच्या ठोकळ्यात पोमोडोरो जरूर लावा.