किमराया की आपली नेक्सकार१९?

दोन्ही रक्ताच्या कॅन्सरवरच्या थेरपी, किमराया अमेरिकेतली, नेक्सकार१९ भारतातली. काम दोन्हीत तेच, पेशंटच्याच टी-सेल (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, लॅबमध्ये त्यांना सीडी१९ (कॅन्सरच्या पेशींवरची खूण) ओळखायला शिकवायचं आणि सलाईनसारखं परत सोडायचं. किमरायाच्या ट्रायलमधली पहिली लहान मुलगी एमिली व्हाइटहेड, २०१२, फिलाडेल्फिया, डोसनंतर पोर तापाने फणफणली, थेट व्हेंटिलेटरवर, मग संधिवाताचं औषध टोसिलिझुमॅब दिलं तेव्हा कुठे ताप उतरला, आणि १० वर्षांनीही ती कॅन्सरमुक्त! एवढा जुना अनुभव नेक्सकारकडे नाही, ती आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची, पहिला पेशंट २०२१ चा. पण यातला सीडी१९ ओळखणारा, उंदराच्या अँटीबॉडीचा तुकडा माणसासारखा करून घेतलाय आणि ट्रायलमध्ये मेंदूवरचा त्रास बराच कमी दिसला. किंमत? बाजारात आल्या तेव्हा किमराया ४,७५,००० डॉलर (२०१७), नेक्सकार साधारण ४० लाख रुपये. हेही खिशात पडलेले नसतात म्हणा, पण फ्लॅट विकून जमतील तरी.