पाण्याखालचा स्पीकर घेतला, पण गाण्यांसाठी नाही (४ स्टार)

पुण्यात तापकीर गल्लीतून डिसेंबरमध्ये घेतला, स्विमिंग टँकमध्ये लावतात तो वायरवाला स्पीकर, चार महिने वापरून झाल्यावर लिहितेय. लेकीला नववीच्या प्रोजेक्टसाठी आवाजावरून समुद्राचं तापमान कसं मोजतात ते स्वतः करून बघायचं होतं. पाणी गरम झालं की त्यातून आवाज जास्त जोरात पळतो, समुद्रात दर डिग्रीला सेकंदाला साधारण ४ मीटरने, मग इकडून आवाज सोडायचा, तिकडे पोचायला किती वेळ लागला ते बघायचं की मधल्या सगळ्या पाण्याचं सरासरी तापमान निघतं. १९९१ मध्ये हिंदी महासागरात पार दक्षिणेला असलेल्या हर्ड बेटाजवळ जहाजावरून ५७ हर्ट्झचा आवाज सोडलेला, तो १८,००० किलोमीटरवर ऐकू गेला, पोचायला तीन तासांच्या वर लागले! आमच्याकडे सोसायटीचा २५ मीटरचा टँक.

मी ब्लूटूथवाला मागत होते, दुकानातल्या काकांनी काम काय ते विचारलं आणि म्हणाले ताई तो बुडवला की कनेक्शनच तुटेल, वायरवालाच न्या. त्यांच्याकडूनच दोन पिएझो चकत्या (आवाजाने दाबल्या की वीज देणाऱ्या) घेतल्या, अराल्डाइट लावून माइक केले, एक स्पीकरजवळ, दुसरा दोरीवर मोजून २४ मीटरवर, दोन्ही एकाच रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या चॅनलला. सकाळी सहाला, पोहणाऱ्यांची बॅच यायच्या आत, पंप बंद करून एकच छोटा चिवचिव आवाज दोनशे वेळा वाजवायचा आणि सरासरी काढायची. डिसेंबरात पाणी २२ डिग्री होतं, एप्रिलमध्ये २८, आणि आवाज ८ सॅम्पल (रेकॉर्डर सेकंदाला अशा ४८,००० नोंदी घेतो) आधी पोचला, म्हणजे सेकंदाचा सहा हजारावा भाग! लेक ग्राफवर बोट ठेवून मोजत होती, एक, दोन, तीन... मला खरंच भरून आलं.

हे जमलं कारण स्पीकर दोनशेही वेळा अगदी सारखाच वाजतो, या कामाला नुसता मोठा आवाज असून भागत नाही.

एक स्टार कापला तो गळतीसाठी. दुसऱ्याच आठवड्यात वायर आत जाते तिथून बुडबुडे यायला लागले आणि आवाज फाटला. दुकानाने ग्लँड, म्हणजे वायरभोवती पाणी अडवणारं बूच, बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, पण आमचे दोन रविवार गेले. हर्ड बेटाच्या टेस्टमध्येही वादळात आवाज सोडणारे सोर्स मोडले आणि ठरल्याआधीच थांबावं लागलं, ते वाचून लेकीला जरा धीर आला. आणि २०० हर्ट्झच्या खाली हा जवळजवळ मुकाच आहे. समुद्रात लांब जायला खालचेच सूर लागतात, ते पाण्यात कमी मुरतात, पण तेवढा खालचा सूर जोरात काढायचा तर सोर्सही तसाच दांडगा लागतो, तळहाताएवढ्या डब्याचं ते काम नाही.

दोरी नायलॉनची घेऊ नका, ओली झाली की ताणते, आणि २५ सेंटीमीटर फरक पडला तरी तेच ८ सॅम्पल खोटे दिसतात. घेताना दुकानात बादली मागून अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे आले नाहीत तरच पैसे द्या.