पुस्तिका खरी होती, म्हणून मी हेल्मेट खरं मानलं

पहिल्या महायुद्धातल्या एका शिपायाचं म्हणून विकलेलं बनावट सामान घेण्यात माझे 1,850 युरो गेले. 300 रोख आणि 1,550 बँकेतून. रुपयांत एक लाख 65 हजारांच्या आसपास. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गेले वर्षभर मी तो कुणालाच नीट सांगितलेला नाही. साताऱ्याला आईला सांगितलं, "थोडे गेले." मित्रांना सांगितलं, "पाचएकशे." खरा आकडा फक्त बायकोला माहीत होता. आता लाज बाजूला ठेवून लिहितोय, कारण ते विकणारा माणूस अजून दुकान मांडतोय आणि फ्रान्समध्ये राहणारे आपल्यातले बरेच जण रविवारी याच बाजारांत फिरतात.

मी नवखा नाही. अकरा वर्षं फ्रान्सच्या नैऋत्येला नोकरी करतोय आणि त्यातली आठ वर्षं पहिल्या महायुद्धातलं फ्रेंच सैनिकांचं सामान जमवतोय. हा नाद कुठून लागला तेही सांगतो. माझे पणजोबा ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि कुतच्या वेढ्यात सापडले. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. पणजोबांचं आमच्याकडे काहीच उरलं नाही. पट्टा नाही, बिल्ला नाही, पत्र नाही. त्याच 1916 सालातलं दुसऱ्या एखाद्या शिपायाचं सामान हातात घेतलं की आत काहीतरी हलतं. या हळवेपणावरच त्या माणसाने बरोबर बोट ठेवलं, आणि ते दाखवून देणारा मीच. "माझे पणजोबाही त्या युद्धात होते," असं मी बोलून गेलो. बाजारात विकणाऱ्याला आपली गोष्ट सांगू नका. त्याची ऐका आणि गप्प बसा.

2024 चा मे महिना. एका छोट्या गावातलं व्हिद-ग्रेनिए, म्हणजे लोक आपापल्या माळ्यावरचं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतात तो बाजार. पावसाची भुरभुर चालू होती. साठीचा गृहस्थ, ताडपत्रीखाली मांडलेलं एक टेबल, आणि त्यावर एकाच माणसाचं म्हणून सांगितलेलं सगळं सामान: आद्रियाँ हेल्मेट (फ्रेंच सैन्याचं त्या युद्धातलं लोखंडी हेल्मेट), काडतुसांची तीन चामडी पाकिटं, निळ्या कापडात मढवलेली पाण्याची बाटली, पट्टा, आणि काळ्या कॅनव्हासची ती चौकोनी पाठपिशवी जिला शिपाई 'चौकटचा एक्का' म्हणायचे. "आजोबांचं. वेर्दनच्या लढाईत होते. घर विकतोय, ठेवायला जागा नाही." अशा आजोबांच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील, मीही ऐकल्या होत्या. पण बाकीच्यांकडे जे नसतं ते याच्याकडे होतं: त्या शिपायाची सैनिकी पुस्तिका. पिवळी पडलेली, कोपरे झिजलेले, नाव, जन्मगाव, भरतीचा क्रमांक, सगळं आत.

आता तो क्षण. हा मी हजार वेळा आठवलाय.

हेल्मेट माझ्या हातात होतं. 1915 चं आद्रियाँ ज्याने कधी हाताळलंय त्याला माहीत असतं की ते एकसंध नसतं. 0.7 मिलिमीटर पत्र्याचे चार तुकडे: घुमट, वरचा तुरा, पुढची कड आणि मागची कड. पुढची आणि मागची कड वेगवेगळी असल्यामुळे दोन्ही कानांवर जोड येतो आणि तो अंगठ्याला लागतो. 1926 च्या नमुन्यात घुमट आणि कड एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली असते, जोड नसतोच. तुऱ्याखाली 1915 च्या हेल्मेटला हवेसाठी लांबट फट असते, 1926 च्याला बारीक भोकांची ओळ. हे मला पाठ आहे. घरी कपाटात माझं स्वतःचं 1915 चं हेल्मेट आहे. सवयीने मी अंगठा कडेवरून फिरवला. डावीकडे गुळगुळीत. उजवीकडे गुळगुळीत. मी मान वर केली, विचारणार होतो. बायकोने विचारलंसुद्धा, "काय झालं रे?" आणि त्याच वेळी त्याने पुस्तिका उघडून माझ्यापुढे धरली. ती नाजूक होती, दोन्ही हातांनी घ्यावी लागणार होती. म्हणून मी हेल्मेट खाली ठेवलं.

परत उचललंच नाही. बायकोला म्हणालो, "काही नाही."

माझ्या अंगठ्याला कळलं होतं. मी त्याचं ऐकलं नाही.

माझ्या बाजूनेही थोडं सांगू द्या. तो माणूस घाई करत नव्हता. उलट म्हणाला, "आधी तपासा, मग पैसे द्या." जिल्ह्याच्या अभिलेखागारांनी त्या काळच्या भरतीच्या नोंदवह्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. मी ताडपत्रीखाली उभा राहून फोनवर नाव शोधलं. सापडलं! 1891 चा जन्म, भरतीचा क्रमांक तोच, गाव तेच. पहिल्या ओळीत पायदळाची रेजिमेंट, खाली एका ओळीत वेर्दन. ठग स्वतःहून तपासायला सांगेल असं कुणाला वाटेल? मागे दोघे जण उभे राहून हेल्मेटकडे बघत होते. ते त्याचेच होते की खरे गिऱ्हाईक, आजही सांगता येत नाही. त्याने 2,200 मागितले, 1,850 वर सौदा झाला. हेल्मेट 520, पाकिटं 360, बाटली 240, पट्टा 130, पाठपिशवी 450, पुस्तिका 150. खिशात 300 होते, उरलेले फोनवरून एका बाईच्या नावाच्या खात्यात पाठवले. "बहिणीचं खातं, वारसा दोघांचा आहे." पैसे घेणारा आणि खातेदार वेगळे असतील तर तिथून निघा. वारसा, बहीण, नोटरी, काहीही सांगू देत.

हाच डाव आहे आणि तो नीट समजून घ्या. एक खरी वस्तू पाच खोट्या वस्तूंना ओळखपत्र पुरवते. पुस्तिका खरी आहे, आजही माझ्याकडे आहे. अशा पुस्तिका जुन्या बाजारात सुट्या मिळतात. कागदाने माणूस सिद्ध होतो, शेजारी ठेवलेलं हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं हे सिद्ध होत नाही. मी कागद तपासला आणि वस्तू तपासली असं समजलो.

घरी आल्यावर तीन रात्रींत सगळं उघडं पडलं. नोंदवही मोठ्या पडद्यावर सावकाश वाचली. ते तिरकं जुनं हस्ताक्षर फोनवर लागत नाही. नोव्हेंबर 1915 मध्ये त्याची तोफखान्यात बदली झालेली. वेर्दनची लढाई सुरू झाली 21 फेब्रुवारी 1916 ला. म्हणजे तो तिथे होता तो तोफखान्याचा शिपाई म्हणून, आणि हेल्मेटवरचा बिल्ला पायदळाचा, पेटता ग्रेनेड. तोफखान्याच्या बिल्ल्यावर एकमेकींवर आडव्या तोफा असतात. शिकारी तुकड्यांना, म्हणजे हलक्या पायदळाला, फुंकायचं शिंग, वसाहतींच्या फौजेला जहाजाचा नांगर, वैद्यकीय दलाला सर्पदंड. मी पहिली ओळ आणि चौथी ओळ वाचून मधल्या दोन सोडल्या होत्या.

मग नेलपॉलिश काढायचं द्रावण कापसावर घेऊन आतल्या कडेला घासलं. निळ्याखाली खाकी. क्रम उलटा आहे हे लक्षात घ्या: फ्रेंच सैन्याने जुनी निळी हेल्मेटं 1930 च्या दशकात खाकी रंगवली, तेव्हा खाकीखाली निळा सापडणं स्वाभाविक. निळ्याखाली खाकी म्हणजे कुणीतरी हल्ली भाव वाढवायला रंगवलंय. अतिनील टॉर्च मारला तर बाटलीच्या कापडाची शिवण निळसर पांढरी चमकली. कापड उजळवणारी ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली, 1916 च्या सुती दोऱ्यात ती नसतात. पाकिटाच्या शिवणीतला एक दोरा काढून जाळला. सुती दोऱ्याची राख होते. याचा वितळून मणी झाला. नायलॉन जन्मलंच 1935 साली, आणि पाकिटावर शिक्का होता 1916 चा. शिक्का म्हणजे शाई. शाई कुणीही मारतं. आधी शिवण बघा, रिबिटं बघा, आतली बाजू बघा, शिक्का सगळ्यात शेवटी. पट्टा आणि पाठपिशवी जुनी आहे, पण या शिपायाची असल्याचा काडीचा पुरावा नाही. 90 युरो देऊन एका जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, पुस्तिका धरून सगळ्याचे 200 सुद्धा येणार नाहीत.

असा टॉर्च दहा-पंधरा युरोंना मिळतो. माझ्याकडे होता. घरी होता.

आता यंत्रणेबद्दल. इथे माझा राग जास्त आहे आणि तो मी लपवणार नाही.

सोमवारी सकाळी बँकेत. "तुम्ही स्वतः पाठवलेत, स्वतः मंजूर केलेत." रक्कम परत मागवायची विनंती त्यांनी पाठवली, बारा दिवसांनी उत्तर आलं: खात्यात पैसे नाहीत. खातेदाराचा पत्ता मागितला तर गोपनीयता. माझे पैसे जिच्याकडे गेले तिची गोपनीयता!

पोलिस ठाण्यात पहिल्या वेळी तासभर बसवून सांगितलं, हा दिवाणी वाद आहे, हवं तर 'मँ कुराँत' नोंदवा. हे लक्षात ठेवा. मँ कुराँत म्हणजे नुसती वहीतली नोंद, त्यावर तपास होत नाही. तुम्हाला हवी ती 'प्लेंत', म्हणजे रीतसर तक्रार, आणि ती घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे: फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 15-3. दुसऱ्यांदा मी ते कलम छापून घेऊन गेलो. दोन तास चाळीस मिनिटं. तक्रार लिहून घेणाऱ्याने हेल्मेटचा फोटो बघून विचारलं, "म्हणजे तुम्ही जुनं हेल्मेट मागितलं, आणि त्याने जुनं हेल्मेट दिलं?" मी त्याला 1915 आणि 1926 मधला फरक समजावत होतो आणि तो घड्याळ बघत होता. परक्या उच्चारात, तुटक फ्रेंचमध्ये, भर खोलीत स्वतःचा मूर्खपणा पुन्हा पुन्हा सांगणं काय असतं ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. दंडसंहितेच्या 313-1 कलमात अशा फसवणुकीला पाच वर्षं कैद आणि 3,75,000 युरो दंड लिहिलाय. लिहिलाय फक्त.

बाजार भरवणाऱ्या मंडळाकडे गेलो. कायद्याने त्यांना प्रत्येक विक्रेत्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक वहीत ठेवावा लागतो आणि बाजारानंतर आठ दिवसांत ती वही प्रेफेक्चरला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाला, द्यावी लागते. म्हणाले, दिली. प्रेफेक्चर म्हणालं, पोलिसांनी मागितली तर देऊ. पोलिस म्हणाले, सरकारी वकिलांनी सांगितलं तर मागू. कोर्टात दिवाणी दावा करायचा तर 5,000 युरोंच्या आत आधी समेटाचा प्रयत्न सक्तीचा, आणि समेट घडवणाऱ्याने पहिलाच प्रश्न केला, "समोरच्याचा पत्ता?" तोच पत्ता, जो कार्यालयांत लिहिलेला पडलाय आणि मला कुणी द्यायला तयार नाही. वकिलाच्या एका भेटीचे 120 गेले. पाच महिन्यांनी पत्र आलं: 'क्लासमाँ साँ स्वीत'. पुढील कारवाईविना बंद. दोन परिच्छेद, सहीच्या जागी शिक्का.

पावती मागितली असती तर निदान हातात काही राहिलं असतं. 3 मार्च 1981 चा एक हुकूम आहे, इथले व्यापारी त्याला मार्कुस हुकूम म्हणतात. जुन्या आणि संग्राह्य वस्तूच्या नावापुढे काळ लिहिला, तर ती खरोखर त्याच काळातली असल्याची ती हमी ठरते. 'स्तील', 'शैलीतलं', असं लिहिलं तर कसलीच हमी नाही. आणि गिऱ्हाइकाने मागितली तर हौशी, प्रसंगी विकणाऱ्यालाही पावती द्यावीच लागते. मी मागितली नाही. कारण कुणाच्या मेलेल्या आजोबांच्या हेल्मेटची पावती मागायची मला लाज वाटली. तुम्ही मागा. 'हेल्मेट, नमुना 1915, काळ 1914-1918' असं त्याच्या हाताने लिहून घ्या, ओळखपत्राचा फोटो घ्या. तो आढेवेढे घ्यायला लागला की तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

ऑक्टोबरात साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात तो मला पुन्हा दिसला. तेच टेबल, तीच ताडपत्री. खाजगी माणसाला अशा बाजारांत वर्षातून दोनदाच बसता येतं, पण मोजतंय कोण? या वेळी आजोबा मार्नच्या लढाईतले होते आणि पुस्तिका दुसऱ्याच शिपायाची. एक तरुण जोडपं ती वाचत होतं. मी पुढे होऊन हेल्मेट उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. जोड नाही. त्या दोघांना मोठ्याने सांगितलं. मार्नची पहिली लढाई सप्टेंबर 1914 ची, तेव्हा आद्रियाँ हेल्मेट अस्तित्वातच नव्हतं, हेही सांगितलं. ते निघून गेले. त्याने मला ओळखलं आणि शांतपणे सामान पेटीत भरायला लागला. मी पोलिसांना फोन केला. गाडी आली नाही. मी काढलेले फोटो सरकारी वकिलांना रजिस्टर पत्राने पाठवले आहेत, पोच आली आहे, उत्तर नाही.

बंद झालेली फाईल नवी माहिती आली तर पुन्हा उघडता येते, असं वकिलाने सांगितलंय. म्हणून, नैऋत्य फ्रान्समध्ये कुणी एका सैनिकाच्या पुस्तिकेसोबत त्याचं 'सगळं सामान' विकत घेतलं असेल आणि पैसे तिसऱ्याच नावाच्या खात्यात गेले असतील, तर हेल्मेट उचला, कानांवर अंगठा फिरवा. जोड लागला नाही तर बँकेचा कागद फेकू नका, मँ कुराँतवर परत येऊ नका, प्लेंत द्या. दुसरी तक्रार यायला हवी आहे.