'क्लूलेस': कपड्यांतून उभी राहणारी श्रीमंत शाळकरी मुलगी

श्रीमंत घरातली शाळकरी मुलगी दाखवायची म्हणजे मोठा बंगला, महागडी गाडी आणि अंगावर नामांकित ब्रँडचे कपडे, एवढ्यावर अनेक किशोरपट भागवतात. एमी हेकरलिंग दिग्दर्शित 'क्लूलेस' (१९९५) याच सामग्रीतून सबंध व्यक्तिरेखा उभी करतो, म्हणून तो आजही आवर्जून पाहावा. जेन ऑस्टेनच्या 'एमा' कादंबरीचे कथानक येथे बेव्हर्ली हिल्स या कॅलिफोर्नियातील श्रीमंत वस्तीत आणले असून चेर हॉरोविट्झची भूमिका अ‍ॅलिशिया सिल्व्हरस्टोनने केली आहे.

मोना मे यांची वेशभूषा हा या चित्रपटाचा कणा आहे. त्या काळी अमेरिकेतील तरुणांत ग्रंज म्हणजे रॉक संगीतातून आलेल्या ढगळ, मुद्दाम गबाळ्या पेहरावाची चलती होती. तिच्याकडे पाठ फिरवून त्यांनी चेरला पिवळ्या चेक्सचा ब्लेझर, त्याच कापडाचा आखूड स्कर्ट आणि पांढरे लांब मोजे दिले. घाट शाळेच्या गणवेशाचा आहे, पण गणवेश मुलींना सारखे करतो आणि हा पेहराव चेरला घोळक्यातून वेगळी काढतो. कपाटातले कपडे संगणकाच्या पडद्यावर जुळवून पाहण्याच्या तिच्या सवयीत वडिलांचा पैसा जितका दिसतो, तितकाच तिचा काटेकोरपणाही दिसतो.

स्थळांची निवडही तितकीच जाणती आहे. आपल्या घराचे खांब थेट १९७२ सालचे आहेत, असे चेर अभिमानाने सांगते आणि या वस्तीतला पैसा किती नवा आहे, हे त्या एका वाक्यात कळते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो लुटीचा प्रसंग. रात्री दारूच्या दुकानाबाहेरच्या सुनसान पार्किंगमध्ये पिस्तूल रोखलेला चोर तिला जमिनीवर पालथे पडायला सांगतो, तेव्हाही तिला काळजी असते ती अंगावरच्या लाल ड्रेसची, कारण तो अलाइया या नामांकित फॅशन डिझायनरचा आहे. शाळेत ज्या नावाचा दबदबा असतो, ते नाव त्या चोराने ऐकलेलेही नाही. अखेर ती त्याच ड्रेसमध्ये डांबरावर आडवी होते.

एका ठिकाणी मात्र चित्रपट कमी पडतो. टाय या नव्या मुलीचे रूप पालटताना तिच्या सैल, साध्या कपड्यांत मुळात वावगे काय होते, हे तो कुणालाच विचारायला लावत नाही. पुढे ती स्केटबोर्डवेड्या ट्रॅव्हिसकडे परत वळते खरी, पण चेरने लादलेल्या त्या बदलाची तिला काय किंमत मोजावी लागली, हे दाखवायला पटकथेने आणखी एखादा प्रसंग द्यायला हवा होता.