बायोक्स: जीवाणू चोख, कसोटी पाण्याची

पायराइट आणि आर्सेनोपायराइट या लोहाच्या सल्फाइड खनिजांच्या आत अडकलेले सोने, ते विरघळवून काढणाऱ्या सायनाइडच्या हाती लागत नाही. आधी सल्फाइड फोडावे लागते. हे काम भट्टीऐवजी जीवाणूंकडून करून घेणारे बायोक्स हे तंत्र परवान्यावर मिळते. सुरुवात 1986 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत झाली. आता ते मेत्सो या कंपनीकडे आहे.

मांडणी साधी आहे. साधारण 75 मायक्रॉनपर्यंत दळलेल्या कॉन्सन्ट्रेटची (सल्फाइड वेगळे काढून घट्ट केलेल्या धातुकाची) 20 टक्के घनभार असलेली स्लरी, म्हणजे पाण्यातला लगदा, आधी समांतर जोडलेल्या तीन टाक्यांत जाते, मग एकामागोमाग एक अशा तीन टाक्यांत. एकूण मुक्काम 4 ते 6 दिवसांचा, त्यातला निम्मा पहिल्या तीन टाक्यांतच. तो घाईने कमी केला तर जीवाणू वाढतात त्यापेक्षा वेगाने वाहून जातात. तापमान 40 ते 45 अंश, पीएच दीडच्या आसपास. नत्र, स्फुरद, पालाश थोडे थोडे द्यावे लागते. या उष्ण, आंबट वातावरणात लोहाचे ऑक्सिडीकरण मुख्यतः लेप्टोस्पिरिलम करतो, गंधकाचे अॅसिडिथायोबॅसिलस. कच्च्या मालात थोडे कार्बोनेट असलेले बरे, कारण जीवाणूंना कार्बन त्यातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधूनही मिळतो. कार्बोनेट नसेल तर चुनखडी घालावी लागते.

जीवाणू कणखर आहेत, भोवतालची यंत्रणा तितकी नाही. एक किलो पायराइट पूर्ण ऑक्सिडाइझ होताना 12 मेगाज्यूलच्या आसपास उष्णता निघते, आणि एक किलो सल्फाइड गंधकाला जवळपास दोन किलो ऑक्सिजन लागतो. म्हणून विजेचे बिल ब्लोअर, अॅजिटेटर आणि थंड पाण्याच्या नळ्यांवर जाते. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. रेडॉक्स (द्रावणाची ऑक्सिडीकरणाची ताकद) घसरला आणि द्रावणात फेरस, म्हणजे ऑक्सिडाइझ न झालेले, लोह दिसू लागले, की आधी हवा आणि तापमान तपासा. पोषकांच्या पोत्यांकडे नंतर वळा.

खरी गोम पाण्यात आहे. ऑक्सिडीकरण अर्धवट राहिले की गाळात मूलद्रव्य गंधक आणि अर्धवट फुटलेले सल्फाइड उरते. ते पुढे सायनाइड खाते आणि थायोसायनेट हे गंधक-सायनाइडचे संयुग तयार होते. टेलिंग्जचे, म्हणजे सोने काढून उरलेल्या गाळाचे, तेच पाणी वाचवायला टाक्यांकडे परत फिरवले तर थायोसायनेट लिटरमागे काही मिलिग्रॅम असले तरी जीवाणू गुदमरतात. ऑक्सिडीकरण आणखी अर्धवट, सायनाइड आणखी जास्त, थायोसायनेट आणखी जास्त. म्हणून सायनाइडचे सर्किट आणि बायोक्सचे सर्किट यांचे पाणी वेगळेच ठेवा. वेगळे ठेवणे परवडत नसेल, तर थायोसायनेट फोडणारी अॅस्टर ही जैविक प्रक्रिया याच घराण्यातली आहे. अर्थात, तिचा खर्च पहिल्या हिशेबातच धरा. क्लोराइडयुक्त भूजलही चालत नाही. ते जीवाणू आणि स्टेनलेस स्टीलच्या टाक्या दोघांनाही बाधते.

ऑक्सिडीकरणानंतरची धुलाई नीट न करणे हा नेहमीचा घोळ. थिकनरच्या (गाळ खाली बसवणाऱ्या टाक्यांच्या) तीन टप्प्यांत आम्ल आणि विरघळलेले लोह निघाले नाही, तर चुना आणि सायनाइड दोन्ही वाया जातात. आर्सेनिकची व्यवस्था मात्र वाखाणण्यासारखी. भाजणीतल्यासारखा विषारी धूर नाही. द्रावणात लोह-आर्सेनिकचे मोल गुणोत्तर 3 च्या वर ठेवून चुनखडी व चुन्याने टप्प्याटप्प्याने उदासीन केले की स्थिर फेरिक आर्सेनेट जिप्समसोबत खाली बसते. लोह कमी आणि आर्सेनिक जास्त असलेल्या मालात तेवढी सवलत राहत नाही.

धातुकात सोने शोषणारा कार्बन असेल तर हे तंत्र एकट्याने पुरत नाही, कारण जीवाणू त्या कार्बनला हात लावत नाहीत. चाल्कोपायराइटमधल्या तांब्यासाठीही ते घेऊ नका. या तापमानाला ते फार हळू फुटते.

परवाना घेण्यापूर्वीची पायलट चाचणी शुद्ध पाण्यावर करून घेऊ नका. प्लांटमध्ये जे पाणी वापरणार, त्याच पाण्यावर, शक्य असल्यास टेलिंग्जच्या परतीच्या पाण्यासह, आणि सायनाइडचा खर्च गाळ धुऊन झाल्यावर मोजायला सांगा.