बडोद्यात कॉलेजच्या मुलामुलींनी समुपदेशनासाठी कुठे जावं?

जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर कुठे जावं याची तुलना करत बसू नका. सयाजी या सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग रात्रीही चालू असतो, रुग्णवाहिकेसाठी 108 आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत कुणीतरी सोबत हवंच. पोलिसांच्या धास्तीने घरचे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालतात आणि तिच्यावर खटला भरत नाहीत.

एरवी आधी एवढंच बघा: मन मोकळं करायचंय, की झोप, भूक आणि लक्ष यांची घडीच दोन आठवड्यांहून जास्त विस्कटली आहे?

पहिलं असेल तर कॉलेजचा समुपदेशक बरा. पैसे लागत नाहीत आणि केटी, हॉस्टेलमधला त्रास, ब्रेकअप यांत तो वॉर्डनशी किंवा परीक्षा विभागाशी बोलू शकतो. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. 'आमच्याकडे सोय नाही' असं ऐकवलं तर लेखी अर्ज द्या. अडचण होते ती हे काम एखाद्या प्राध्यापकांकडेच असलं की. इंटर्नलचे मार्क देणाऱ्या माणसापुढे कुणी मोकळं बोलत नाही, आणि बोलूही नये. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: नोंदी कुणाच्या ताब्यात राहतात, आणि आईबाबांना कधी कळवता? जिवाला धोका असेल तर कळवावं लागतं, ते योग्यच आहे. नुसती हजेरी कमी म्हणून समुपदेशनातलं बोलणं घरी पोहोचत असेल, तर दुसरीकडे जा.

दुसरं असेल तर सरळ सयाजी रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालयही सरकारीच आहे, पण नातेवाईक बघतील या भीतीने मुलं तिथे जायला कचरतात. सयाजीत फाटकातून आत जाणारा कुठल्या विभागात चाललाय हे कुणाला कळत नाही. ओळखपत्र न्या, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. वय 18 च्या आत असेल तर पालक सोबत लागतात. पुढच्या खेपेला दुसरे निवासी डॉक्टर भेटू शकतात, तेव्हा त्रास कधीपासून, झोप किती तास, घरात कुणाला असा आजार होता का, काही व्यसन आहे का, हे अर्ध्या पानावर लिहून ठेवा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी सांगितली तर टाळू नका. दोन्हींच्या बिघाडात माणूस तसाच मरगळतो.

उपचार फसतात ते बहुतेक इथेच. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, पण मळमळ आणि बेचैनी पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते. मुलं आठव्या दिवशी गोळ्या सोडतात आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणतात. सुरुवातीच्या या दिवसांत अस्वस्थपणा वाढला किंवा वाईट विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने गोळ्या चालू ठेवतात, आणि बंद करायच्या त्या हळूहळू, डॉक्टरांना विचारूनच.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, दर आठवड्याला पाऊण तास निवांत बोलणं तिथे जमेलच असं नाही. तेवढ्यासाठी खासगी. फी एका भेटीची नको, महिन्याच्या चार भेटींची धरा. दोन भेटींत सोडण्यापेक्षा परवडेल असा समुपदेशक निवडा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, मागण्यात संकोच कसला? गोळ्या मात्र डॉक्टरच लिहून देऊ शकतात. घरी मराठी, मित्रांत गुजराती, वर्गात इंग्रजी अशी अवस्था असेल तर रडू कोसळल्यावर जी भाषा तोंडी येते ती समोरच्याला येते का, हे वेळ घेतानाच विचारा.

बाहेर पडणंच जड जात असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416. चोवीस तास, मोफत, आणि भाषांमध्ये मराठीही आहे. पहिलं बोलणं इथे करायला आमची काहीच हरकत नाही. पण दर वेळी तोच माणूस फोनवर मिळेल असं धरू नका. आठवडे चालणारं काम असेल तर कुठली ओपीडी गाठायची तेही त्याच फोनवर विचारून घ्या.