सामायिक सेम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), अकरा महिन्यांनंतर: मुख्यतः फिलामेंटबद्दल

गेल्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास स्क्रीन एकदम काळी पडली. वसईहून आलेली एमएस्सीची मुलगी समोर बसलेली, तिचे झिंक ऑक्साइडचे नमुने आत आणि स्लॉट संपायला अजून सव्वा तास. अकरा महिन्यांत उडालेलं हे नववं फिलामेंट, म्हणजे तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारी टंगस्टनची बारीक तार.

मशीन पाच विभागांनी मिळून घेतलंय, मुंबईतल्या बाहेरच्या कॉलेजांनाही स्लॉट मिळतो. टंगस्टन सेम, नमुन्यातली मूलद्रव्यं ओळखणारं ईडीएस, शेजारी नमुन्यांवर सोन्याचा पातळ थर चढवणारा स्पटर कोटर. स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक असतात, त्यात वेळ घालवत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत सात फिलामेंट गेली. टंगस्टनचं फिलामेंट नीट वापरलं तर शंभर तासांच्या आसपास चालतं, आमचं सरासरी चाळीस तासांत जात होतं. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) फिलामेंट धरत नाहीत, ते कन्झ्युमेबल. एएमसीचे पैसे भरायचे आणि वर प्रत्येक फिलामेंटचं वेगळं बिल. सरकारी अनुदानातला एकेक रुपया कसा मिळतो हे मला माहीत आहे, त्यामुळे माझा संताप व्हायचा. सर्व्हिस इंजिनिअरशी फोनवर दोनदा कडक बोलणं झालं. तो म्हणत होता, "मॅडम, युजर जास्त तापवतात." मी म्हणत होते, तुमचा लॉटच खराब आहे.

मग एका शनिवारी जुनी सातही फिलामेंट डबीतून काढून साध्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली पाहिली. चारांच्या तुटलेल्या टोकांना वितळलेले गोल मणी होते. म्हणजे ती जादा तापून गेली. तिथे इंजिनिअरचं बरोबर होतं. लॉगबुक चाळल्यावर कारणही सापडलं. चित्र अंधारं दिसलं की नवे युजर स्पॉट साइज (बीमची जाडी) किंवा कॉन्ट्रास्टला हात न लावता फिलामेंटचा करंट वाढवायचे. सॅच्युरेशनच्या (करंट वाढवूनही बीम आणखी वाढत नाही, त्या टप्प्याच्या) आधी बीमचं एक खोटं शिखर येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंग दिलं ते आम्हीच, त्यामुळे ही चूक माझ्याकडे येते.

उरलेली तीन मात्र तापलेली नव्हती, नुसती झिजून बारीक झाली होती. तिन्ही जुलै-ऑगस्टमधली. मशीन जूनमध्ये बसलं आणि पाठोपाठ पाऊस सुरू झाला. डेसिकेटरमधली (नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका जेल दोन दिवसांत गुलाबी व्हायची. दमट नमुना आत गेला की तो पाण्याची वाफ सोडत राहतो, व्हॅक्यूम रेंगाळतं, आणि तापलेलं टंगस्टन त्या वाफेशी मिळून ऑक्साइड होऊन उडत जातं. मुंबईत सेम घेणाऱ्याने चिलर आणि यूपीएसच्या आधी डेसिकेटर आणि एक लहान ओव्हन मागावा. आता पावडर असो की पॉलिमर फिल्म, झेपेल त्या तापमानाला रात्रभर सुकवल्याशिवाय स्टबवर (नमुना चिकटवायच्या चकतीवर) चढत नाही.

करंटची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये बांधली, नमुने सुकवायला लागलो. आठवं फिलामेंट 104 तास चाललं. मंगळवारी गेलेलं नववं 97.

खरेदी समितीत मी फेग (फील्ड एमिशन गन, म्हणजे तारेऐवजी अणकुचीदार टिपेतून इलेक्ट्रॉन सोडणारं सेम) घ्या म्हणून भांडले होते. टंगस्टनचं रिझोल्यूशन 3 नॅनोमीटरच्या आसपास, फेगचं 1 च्या जवळ, एवढंच तेव्हा डोळ्यांसमोर होतं. आज मत बदललंय. फेगची टिप वर्ष-दोन वर्षं टिकते, पण अतिउच्च व्हॅक्यूम अहोरात्र सांभाळावं लागतं आणि टिप बदलायला कंपनीचाच माणूस येतो, तोवर मशीन बंद. आमच्याकडे येणारे परागकण, सिमेंट, फुलपाखराच्या पंखांवरचे खवले यांना टंगस्टन पुरतं. खरंच नॅनोमीटरभर बारकाई हवी असेल तर पवईत आयआयटीच्या सॅफमध्ये (अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांच्या केंद्रात) फेग आहे, शुल्क भरून बाहेरच्यांनाही वापरता येतं.

मंगळवारी मी त्या मुलीलाच हातमोजे घालायला सांगितले. गन (फिलामेंट बसतं तो भाग) थंड होऊ दिली, व्हेंट केली, म्हणजे आत हवा सोडली. वेनेल्ट कॅप (फिलामेंटवरची छिद्राची टोपी) तिने पॉलिशने घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकला लावली, नवं फिलामेंट छिद्राच्या बरोबर मध्यावर आणेपर्यंत तीनदा स्क्रू सैल केले. साडेपाचला बीम आला. तिचे षटकोनी रॉड स्क्रीनवर उभे राहिले तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली. मला इतका आनंद गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता. पहिल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं काम 1931 मध्ये करणाऱ्या रुस्काला नोबेल 1986 मध्ये मिळालं, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. यंदा ते सांगताना हातात फिलामेंट असेल.

कुणी टेंडर लिहीत असेल तर दोन गोष्टी. किमान वीस फिलामेंट मूळ किमतीतच घालून घ्या, नंतर सुटी घेताना अंगावर येतात. आणि जळालेल्या फिलामेंटचे बेस फेकू नका, त्यांवर नवीन तार बसवून मिळते. आमचे नऊ डबीत आहेत, पुढच्या आठवड्यात पाठवतेय.